डाव्या वळणावर

“किती वेळा बंद पडली?” मौलामेस्त्रींनी विचारलं.

“एकदा,” जयवंतराव म्हणाले.

 मेस्त्री हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले.

“म्हणजे... दोनदा.”

पाना पुसून झाला. मेस्त्रींनी तो फळीवर ठेवला आणि दुसरा उचलला.

“सहा वेळा,” जयवंतराव म्हणाले. आणि स्वतःच्याच तोंडून तो आकडा ऐकून ते इतके दचकले, की कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.

रस्त्यावर कोणी नव्हतं. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते, पाऊस ओसरत आला होता आणि सकाळचे नऊ वाजले तरी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरचं धुकं जागचं हललं नव्हतं. समोरचं वडाचं झाड दिसत होतं. त्याच्या पलीकडचं काही नाही.

जयवंत रेठरेकर कराडचे. शेतीपंपांचं दुकान, वय अठ्ठेचाळीस, आवाज भरदार. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हॅल्बर्ड घेतली. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली साडेतीनशे किलोची मोटरसायकल. पुढं रुंद काच, मागं टेकून बसायला गादी, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. चालू झाली की शेजारच्या घरातली भांडी थरथरायची.

चार वर्षांपूर्वी कंपनीनं कारखाना बंद केला. एका पत्रात सगळ्यांचे आभार मानले आणि विषय संपवला. शोरूमच्या जागी फरशांचं दुकान आलं. सुटे भाग मिळेनासे झाले. ज्यांच्याकडं या गाड्या होत्या, ते मग एकमेकांना धरून राहिले. कराड, सांगली, कोल्हापूर, इस्लामपूर मिळून आठ गाड्या, आठ माणसांचं मंडळ. जयवंतराव त्यांचे पुढारी. लडाखला जाऊन आलेले, कच्छचं रण उन्हाळ्यात पार केलेले. ते म्हणतील ती पूर्व.

आणि या आठही गाड्या जिवंत ठेवल्या होत्या घाटमाथ्यावरच्या या पत्र्याच्या गॅरेजनं. मौलाली मुजावर, वय चौऱ्याहत्तर. जयवंतराव इंजिन उघडायला शिकले ते याच माणसाच्या शेजारी, याच गोणपाटावर बसून. दुसऱ्या कुणासमोर ते गोणपाटावर बसले नसते.

“कुठं कुठं बंद पडली?” मेस्त्रींनी विचारलं.

“वळणावर.”

“कुठल्या?”

“डाव्या.”

“दर वेळी?”

जयवंतरावांनी नुसती मान हलवली.

मेस्त्री त्यांच्या समोर येऊन बसले. “शेवटचं सांगा.”

शेवटचं सांगायला जयवंतरावांना जड गेलं. तीन आठवडे ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. तिला सांगितलं असतं तर गाडीची किल्ली पुन्हा दिसली नसती.

“वळण घेत होतो. गाडी डावीकडं कललेली. आणि आवाज गेला. अचानक. कानच गेले असं वाटलं. गाडीत जीवच नाही... मी घाबरून... नाही, मी तिला सरळ केली. सरळ केली तशी ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली. समोरून ट्रॅक्टर येत होता. त्याच्या ड्रायव्हरचं तोंड दिसलं मला. तो ओरडत होता, पण मला ऐकू येत नव्हतं...”

ते थांबले.

“कडेच्या खडीत गेलो, म्हणून वाचलो. किल्ली बंद केली, परत चालू केली. लगेच सुरू झाली. जसं काही झालंच नव्हतं.”

“मग?”

“मग घरी आलो. सगळं तपासलं. प्लग, पेट्रोलची नळी, बॅटरी. कशातच काही नाही. मेस्त्री, आता गाडीवर बसलो की रस्त्यावरची डावी वळणंच मोजतो मी. झोपेतसुद्धा तेच.”

मेस्त्री उठले. गाडीची गादी काढली, आत हात घातला आणि दोन स्क्रू सोडवून काड्यापेटीएवढी एक काळी डबी वायरींसकट बाहेर काढली. डबी तळहातावर आडवी धरली.

“चालू करा गाडी.”

गाडी सुरू झाली. पत्रे थरथरू लागले.

मेस्त्रींनी तळहात डावीकडं कलता केला. किंचित. ताटातलं ताक सांडणार नाही, इतकाच.

इंजिन बंद.

गॅरेजमध्ये अशी शांतता पसरली, की जयवंतरावांच्या पाठीवर काटा आला. तीच शांतता. वळणावरची.

“गाडी आडवी पडली तर इंजिन आपोआप बंद व्हावं, म्हणून कंपनीनं बसवलेली डबी ही,” मेस्त्री म्हणाले. “म्हातारी झालीया आता. पडायच्या आधीच हिला वाटतं, पडलो.”

जयवंतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे दोष होता. खराच होता. आपल्या डोक्यात नव्हता.

“नवीन बसवा.”

“कारखाना कुठाय नवीन द्यायला?”

“मग हिला वगळून वायर थेट जोडा.”

“जोडता येती. अर्ध्या तासाचं काम. मात्र पडलात तर इंजिन चालूच राहील. लाल बटण तुम्हालाच दाबावं लागंल.”

“चालेल. जोडा.” जयवंतरावांनी घड्याळ पाहिलं. “मंडळी पाटणला नाश्त्याला थांबलीत. अकरा वाजेपर्यंत इथं येतील. मग घाट उतरून गुहागरला मुक्काम. त्यांच्या आत होऊन जाऊ दे. आणि मेस्त्री... हे आपल्या दोघांतच राहू दे.”

मेस्त्रींनी डबीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

“आठही गाड्या एकाच वर्षीच्या,” ते म्हणाले.

जयवंतरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

“इंगवले सर कुठल्या वळणावर पडले होते?”

धुक्यातून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

सदाशिव इंगवले सांगलीचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. मंडळातला सगळ्यात सावध माणूस. गेल्या वर्षी आंबा घाटात गटारात पडले आणि गुडघ्याचा चुरा झाला. दवाखान्यातून त्यांनी सगळ्यांना कळवलं, ‘गाडी आपोआप बंद पडली.’ त्यावर जयवंतरावांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘हॅल्बर्ड बंद पडत नाही. चालवणारा घाबरतो.’ खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. सरांनी त्यावर काही लिहिलं नाही. महिन्याभरानं ते ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांच्या भावानं गाडी विकून टाकली.

“डाव्याच,” जयवंतराव म्हणाले.

“कुणाकडंय ती गाडी आता?”

“नेत्रा कुलथे म्हणून आहे. इस्लामपूरची. दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते. अंगानं एवढीशी आहे, पण गाडी चांगली पेलते.”

“इचारलं नाही तिनं काही? गाडी घेताना?”

विचारलं होतं. फोनवर. काका, सर पडले ते गाडीमुळं तर नाही ना, खरं सांगा. आणि जयवंतरावांनी भरदार आवाजात सांगितलं होतं, बिनधास्त घे, मी आहे ना.

ते सगळं त्यांनी मेस्त्रींना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “मी सांगेन सगळ्यांना, आज घाटात हळू चला म्हणून. धुकं आहे, असं सांगेन.”

मेस्त्रींनी डबी होती तिथं परत बसवली. दोन्ही स्क्रू घट्ट केले. गादी चढवली.

“अहो, वायर?”

“आधी जरा घाट उतरून येऊ,” मेस्त्री म्हणाले आणि खुंटीवरची टोपी घेतली. “मी बसतो मागं. का भीती वाटती?”

“मला?” जयवंतराव हसले. ते हसणं त्यांना स्वतःलाही बरं वाटलं नाही.

जिथून उतार सुरू होतो तिथं मेस्त्रींनी खांद्यावर थोपटून गाडी थांबवायला लावली. मागून हात पुढं आला. म्हातारा, काळ्या भेगांचा हात. त्यानं किल्ली फिरवली, काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

इंजिन थांबलं.

“आता जाऊ द्या,” मेस्त्री म्हणाले.

“मेस्त्री, थट्टा करू नका.”

मेस्त्रींनी पाय पायदानावर नीट टेकवले.

नाही म्हणता आलं असतं. गाडी स्टँडवर लावून खाली उतरता आलं असतं. पण ज्या माणसानं आपल्याला इंजिन उघडायला शिकवलं, त्याच्यासमोर खाली उतरायचं? जयवंतरावांनी ब्रेक सोडला. गाडी स्वतःच्याच वजनानं हलली.

पहिलं वळण उजवं होतं. ते निघालं. मग उतार तीव्र झाला, आणि त्यांच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. दिवा लागत नव्हता. हॉर्न वाजत नव्हता. मागच्याला ब्रेक कळावा म्हणून लागणारा लाल दिवाही नाही. धुक्यातून एक साडेतीनशे किलोचं धूड मांजराच्या पावलांनी खाली चाललं होतं आणि जगात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

टायरखालच्या पाण्याचा चरचर आवाज. वाऱ्याचा आवाज. स्वतःच्या हेल्मेटमधला श्वास.

पहिलं डावं वळण आलं.

त्यांचं अंग दगडासारखं झालं. वेग वाढला तर मोडायला इंजिन नव्हतं. अडकलं तर निसटायला इंजिन नव्हतं. फक्त ब्रेक. त्यांनी तो आवळून धरला.

“धरून ठेवू नका,” कानाशी मेस्त्री म्हणाले. “दाबा, सोडा. दाबा, सोडा. जळतील.”

दाबलं, सोडलं. वळणापलीकडं काय आहे दिसत नव्हतं, आणि आपण आहोत हे पलीकडच्याला सांगायला काही नव्हतं. जयवंतरावांनी हेल्मेटची काच वर केली आणि ते ओरडले.

“ओ! ओ! आलो... आलो!”

लडाखला जाऊन आलेला माणूस वळणावळणाला लहान पोरासारखा ओरडत होता. दरीतून त्यांचाच आवाज उलटा येत होता आणि तो त्यांना ओळखू येत नव्हता.

दुसरं डावं वळण. तिसरं. ब्रेकचा जळका वास नाकात शिरला. हाताखालचा ब्रेक मघापेक्षा मऊ लागायला लागला.

“मेस्त्री, किल्ली द्या.”

“वळणावर बंद पडली, तर त्या पोरीनं मागायची कुणाकडं?”

“किल्ली द्या, मेस्त्री! हात जोडतो!”

हात जोडता येत नव्हते. दोन्ही हात ब्रेकला आणि मुठीला चिकटलेले.

आणि मग धुक्यातून एसटी आली. खालून, जवळजवळ अख्खा रस्ता व्यापून. आधी दोन पिवळे दिवे दिसले, मग काच, मग ड्रायव्हर. जयवंतराव ओरडले, पण हॉर्नच्या आवाजात ते विरून गेलं. मागच्या वेळी केलं तेच त्यांच्या हातांना करायचं होतं. गाडी सरळ करायची. सरळ केली असती तर ते थेट बसखाली गेले असते.

मागून म्हाताऱ्याचं सगळं वजन डावीकडं झुकलं.

गाडी त्याच्याबरोबर झुकली. कड्याच्या दगडाला घासेल इतकी. बसचा पत्रा उजवीकडच्या पेटीला टक्कन लागला आणि गेला. गरम हवेचा झोत, डिझेलचा वास, खिडकीतून वळून बघणारी एक बाई... आणि पुन्हा धुकं.

पुढच्या मोरीशी रस्ता थोडा सपाट होता. तिथं गाडी थांबली. थांबवली असं म्हणता येणार नाही.

जयवंतराव उतरले. ते मोरीच्या कठड्याला धरून खाली बसले. हेल्मेट काढता येईना. बोटं बकलावरून घसरत होती. मेस्त्रींनी ते काढलं.

 कड्यावरून पाणी ठिबकत होतं...

“तिनं विचारलं होतं,” जयवंतराव म्हणाले. “नेत्रानं. मला विचारलं होतं.”

मेस्त्रींनी खिशातून किल्ली नाही काढली. जयवंतरावांच्या जाकिटातला फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला.

रेंजची एकच काडी होती. नेत्रानं दुसऱ्या रिंगला उचललं. मागं कपबशांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

“काका! निघतोच आहोत आम्ही. वर चहा सांगून ठेवा.”

“निघू नका,” जयवंतराव म्हणाले. “सगळ्यांना ऐकू जाईल असं कर.”

हसणं थांबलं.

“गाडी डाव्या वळणावर बंद पडते,” त्यांनी सांगितलं. भरदार आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “माझी सहा वेळा पडली. आतली एक डबी निकामी होते. सगळ्यांच्या गाड्यांत तीच आहे. इंगवले सर खरं सांगत होते. मी खोटं बोललो. गाड्या आहेत तिथंच ठेवा. घाटात आणू नका. नेत्रा, तू तर अजिबात...”

 त्यांना वाटलं, फोन कट झाला.

“काका,” नेत्रा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “माझी तीनदा बंद पडली.”

“काय?”

“परवा पेठ नाक्याच्या पुढं. एका मोटारीच्या खाली जाता जाता राहिले. मला वाटलं, मीच घाबरते. तुम्ही लिहिलं होतं ना... म्हणून कुणाला बोलले नाही.”

मग दुसरा आवाज आला. कोल्हापूरच्या शिरगुप्प्यांचा, मंडळातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाचा. “माझी दोनदा, जयवंतराव.” आणि त्यांच्या मागून आणखी कुणीतरी, “माझीपण.”

जयवंतरावांनी डोळे मिटले. आठ माणसं. दर रविवारी एकत्र जेवणारी, एकमेकांच्या गाड्यांना तेल घालणारी. आणि प्रत्येकजण घरी जाऊन एकटा वळणं मोजत होता.

मेस्त्रींनी फोनकडं तोंड नेलं. “मी येतो दुपारी पाटणला. वायर घेऊन. जेवून घ्या तवर.”

बोलणं संपल्यावर जयवंतराव हातातल्या फोनकडं बघत बसले. मग त्यांनी आणखी एक नंबर शोधला. तो लावायला त्यांना मघाच्या सगळ्या घाटापेक्षा जास्त वेळ लागला.

“सर, जयवंत बोलतोय.”

“बोला.”

“तुमची गाडी त्या दिवशी... बंद पडली होती.”

सांगलीहून पंख्याचा आवाज येत होता.

“मला ठाऊक आहे,” इंगवले सर म्हणाले. “मी तिच्यावर होतो.”

 माफी मागायची म्हणून जयवंतरावांनी तोंड उघडलं, पण सरांनीच विचारलं, “ती गाडी ज्या मुलीनं घेतली, तिला सांगितलंत का?”

“आत्ताच.”

“बरं झालं,” सर म्हणाले आणि फोन ठेवला. रागानं ठेवला की कसा, ते काही कळलं नाही.

धुकं थोडं वर गेलं होतं. खाली दरीत पोफळीची घरं दिसायला लागली होती. ती इतकी खोल होती, की जयवंतरावांनी नजर काढून घेतली.

मेस्त्रींनी किल्ली त्यांच्यासमोर धरली.

जयवंतरावांनी ती घेतली. लावायला गेले तर ती भोकाच्या आजूबाजूलाच आपटत राहिली. तिसऱ्या खेपेला गेली. इंजिन सुरू झालं. दिवा लागला.  वर जायचं म्हणजे पुन्हा वळणं, आणि खाली येताना उजवी होती ती आता डावी. डबी अजून आतच होती.

“मेस्त्री,” ते म्हणाले, “तुम्ही बसू नका मागं. खरंच सांगतो. एखादी जीप येईल, तिला हात करू. मी एकटा नेतो, गाडी न कलवता, पायांनी रेटत नेल्यासारखी. मला भीती वाटतेय. हे बघा हात.”

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ते थरथरत होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मेस्त्रींनी त्या हातांकडं पाहिलं. मग टोपी नीट बसवली, जयवंतरावांच्या खांद्याला धरून पाय टाकला आणि मागच्या गादीवर ऐसपैस रेलून बसले.

“खाली येताना सगळ्या वाटंनं मी कलमा म्हणत होतो,” ते म्हणाले. “आता चला. माझा डोळा लागला, तर हाक मारा.”